पुंगळी कुठे अडली, ते आधी पाहा

या वेळच्या प्रश्नोत्तरांसाठी बंदुकीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. तिन्हींमधील तक्रार एकच आहे : बार झाल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी धड बाहेर पडत नाही. बंदुका मात्र वेगवेगळ्या रचनांच्या आहेत, त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडणार नाही. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अमेरिकेत टेक्सस राज्यात सॅन अँटोनियो येथे राहतो आणि सुटीच्या दिवशी क्लबात स्कीट व ट्रॅप, म्हणजे उडत्या मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजी करतो. माझ्याकडे रेमिंग्टन ११०० ही १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) जुनी अर्धस्वयंचलित शॉटगन, म्हणजे बार झाल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी छर्ऱ्यांची बंदूक आहे. पहिल्या पंचवीस तबकड्यांची फेरी ती बहुधा नीट पार पाडते. दुसऱ्या फेरीत पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत आडवी अडकू लागते. कधी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता ठोकळा, पुढे येऊन तिला दाबून धरतो, तर कधी ती बाहेर पडते, पण पायाशीच. अलीकडे मी एक औंस छर्ऱ्यांची स्वस्तातील काडतुसे वापरू लागलो आहे. ट्रॅपच्या वेळी पुंगळ्या शेजारच्या नेमबाजाच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून खिडकीपाशी एक क्लिपही बसवली आहे. क्लबातील एक जण म्हणतो एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) बदला, दुसरा म्हणतो इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) बदला, तिसरा म्हणतो नळीतील गॅसची छिद्रे मोठी करून घ्या. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तिसऱ्याचे तर मुळीच ऐकू नका. छिद्र एकदा मोठे केले की ते पुन्हा लहान होत नाही, आणि त्यानंतर भारी काडतूस घातले तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त वेगाने मागे येऊन रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पेटीच्या, मागच्या भिंतीवर आपटत राहतो. उरलेल्या दोघांचे सल्ले खोटे नाहीत, परंतु पुंगळी नेमकी कुठे थांबते हे न पाहता सुटे भाग बदलणे म्हणजे निदानाआधी औषध देणे आहे. आपल्या पत्रातील वर्णन नीट वाचले, तर दोष एक्स्ट्रॅक्टर किंवा इजेक्टरमध्ये नसून बोल्टला मागे जाण्यासाठी पुरेसा जोर मिळत नाही यात आहे, असे मला वाटते. का, ते सांगतो.

१९६३ साली बाजारात आलेली ही बंदूक गॅसवर चालते. बार होताच छर्रे नळीतून पुढे सरकतात आणि त्यांच्यामागच्या गॅसपैकी थोडा भाग नळीच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून खाली उतरतो. तेथे मॅगझिनच्या, म्हणजे राखीव काडतुसांच्या, नळीभोवती बसलेल्या पिस्टनला तो मागे ढकलतो. पिस्टनच्या धक्क्याने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मागे जातात, बोल्टचे कुलूप सुटते आणि बोल्ट मागे निघतो. बोल्टच्या तोंडाशी असलेला आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून, म्हणजे नळीतील काडतुसाच्या जागेतून, ओढतो. शेवटी पुंगळीच्या बुडाची दुसरी बाजू इजेक्टरवर आदळते आणि ती खिडकीतून उजवीकडे फेकली जाते. हा इजेक्टर आपल्या बंदुकीत रिसीव्हरमध्ये नसून नळीच्या मागच्या वाढीव भागाला बसवलेला असतो. त्यानंतर दस्त्यात दडलेली स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते.

आता पुंगळीच्या जागेवरून दोष कसा ओळखायचा ते पाहू. बोल्ट मागे गेला पण पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर आकड्याची पकड सुटली आहे किंवा पुंगळी चेंबरला चिकटली आहे. अशा पुंगळीच्या कडेवर उजेडात पाहिले तर आकडा घसरल्याची ओरखड कित्येकदा स्पष्ट दिसते. पुंगळी बाहेर ओढली गेली, बोल्ट पूर्ण मागे गेला आणि तरीही ती आतच लोळत राहिली, तर इजेक्टर तुटला किंवा सैल झाला असण्याचा संभव असतो. परंतु पुंगळी खिडकीत अडते, कधी पायाशी पडते आणि पहिल्या फेरीत हे घडत नाही, तेव्हा आकडा आणि इजेक्टर दोघेही आपापले काम करत असतात. बोल्टच अर्ध्या जोराने येत असतो. फेरी पुढे सरकते तशी काजळी साचते, तेल सुकते, घर्षण वाढते आणि जेमतेम पुरणारा जोर अपुरा पडू लागतो.

याची खात्री करण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. क्लबच्या नेमबाजीच्या रेषेवर, नियमांप्रमाणे, मॅगझिन रिकामे ठेवून फक्त एक काडतूस चेंबरमध्ये घाला आणि बार करा. मॅगझिन रिकामे असताना बोल्ट मागे जाऊन तेथेच अडकून राहिला पाहिजे. तो पुन्हा पुढे येऊन बंद झाला, तर तो पूर्ण मागे पोहोचलाच नव्हता. हीच कसोटी मग ३२ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसाने करा. आपले एक औंसाचे काडतूस सुमारे २८ ग्रॅमचे आहे. भारी काडतुसाने बोल्ट अडकतो आणि हलक्याने अडकत नाही, असे दिसले तर शोध गॅस व घर्षण या दोनच गोष्टींपुरता उरतो. मात्र कसोटीआधी ती क्लिप काढून ठेवा. ट्रॅपमध्ये ती सोयीची असते, परंतु थोडी वाकडी बसली किंवा तिचा बाक खिडकीवर जास्त आला, तर चांगल्या वेगाने आलेली पुंगळीही तिच्यावर आदळून परत आत येते. स्कीटमध्ये तर जोडीच्या तबकड्यांसाठी दुसरे काडतूस लगेच वर यायचे असते, तेथे ती लावूच नये.

यापुढे बंदुकीला हात लावण्यापूर्वी ती रिकामी आहे याची खात्री करा : चेंबर डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा, मॅगझिनचे तोंड तपासा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. रेषेवर असताना पुंगळी अडकली, तर नळीचे तोंड तबकड्यांच्या दिशेनेच ठेवून बोट चापाबाहेर ठेवा, आणि बोल्ट हाताने मागे ओढण्याआधी मॅगझिनमध्ये दुसरे काडतूस आहे का, हे आठवा. चाप ओढूनही बार झाला नाही, तर निदान अर्धा मिनिट बंदूक तशीच समोर धरून थांबावे, कारण कधी कधी दारू उशिरा पेट घेते. बाराचा आवाज नेहमीपेक्षा बोदा आला, तर पुढचा बार करण्यापूर्वी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे पाहिलेच पाहिजे. छर्ऱ्यांमागचा प्लॅस्टिकचा वॅड नळीत अडकून राहिला असेल, तर पुढचा बार नळी फाडू शकतो.

मी पहिला संशय घेईन तो ओ-रिंगचा. पुढचे टोपण आणि लाकूड काढून नळी पुढे उतरवली की मॅगझिनच्या नळीवरील खाचेत ही रबरी कडी दिसते. पिस्टनला मागे ढकलणारा गॅस पुढून निसटू नये, एवढेच तिचे काम आहे. तापमान, काजळी आणि साफसफाईचे रसायन या तिन्हींनी ती कडक होते. नखाने अलगद ताणून गोल फिरवून पाहा : बारीक चीर, चपटेपणा किंवा तुटलेला काठ दिसला तर ती बदला. कडी उलटून खाचेतच गुंडाळली गेली असेल, तर ती वरवर पाहता शाबूत दिसते आणि तरीही गॅस सुटत राहतो. ती स्वस्त असते. उष्णता सोसणाऱ्या व्हिटॉन रबराची घेतली तर अधिक टिकते. नळी परत बसवताना ती सरळ दामटून न घालता, कडीवर तेलाचा थेंब लावून हलके फिरवत बसवावी, नाहीतर नवी कडीही पहिल्याच दिवशी कापली जाते. तिच्यामागे असलेल्या पिस्टन आणि पिस्टन-सील या दोन धातूच्या कड्यांचा क्रम व तोंडाची दिशा पुस्तिकेतील चित्राशी ताडून पाहा. साफसफाईनंतर त्या उलट बसवल्या गेल्या, एवढ्या एका कारणाने बंद पडलेल्या बंदुका गनस्मिथकडे वारंवार येतात.

दुसरे, छिद्रे. नळीखालच्या कड्याच्या आत पाहिले की ती दिसतात. साफसफाईच्या रसायनात भिजवलेला पाइप-क्लीनर त्यांत घालून फिरवा. काजळी दगडासारखी बसली असेल, तर छिद्राच्या मापापेक्षा किंचित बारीक ड्रिलची काडी हाताच्या बोटांत धरून हलके फिरवावी. यंत्र वापरू नये आणि धातूला धार लागू देऊ नये. मॅगझिनच्या नळीचा बाहेरचा पृष्ठभागही काजळीने खरखरीत झालेला असतो. तो पुसून स्वच्छ केल्यावर तेलाचा अगदी पातळ हात पुरे. तेल जास्त लावले की पुढच्या पन्नास बारांत त्याचाच चिकट लेप तयार होतो, आणि मला वाटते आपल्या दुसऱ्या फेरीतील दुखण्यात त्याचा वाटा आहे.

तिसरी जागा डोळ्यांआड असते, म्हणून ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते : दस्त्यातील स्प्रिंग आणि तिची नळी. बंदूक कपाटात तोंड वर करून उभी ठेवली, की वर लावलेले तेल महिनोन्‌महिने झिरपत या नळीत उतरते, तेथे घट्ट होते आणि दमट हवेत गंजही धरतो. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट हाताने सावकाश मागे ओढा आणि सावकाश पुढे सोडा. मध्येच खरखर किंवा अडखळ जाणवली, तर दस्ता उतरवून ती नळी साफ करावी लागेल. स्प्रिंग दाबाखाली असते, तेव्हा हे काम पूर्वी केले नसेल तर गनस्मिथकडे देणेच शहाणपणाचे आहे. साफ करून आणल्यानंतर बंदूक कपाटात तोंड खाली करून, फडक्यावर टेकवून ठेवा.

आता काडतुसांकडे. स्वस्त काडतुसांचे सोनेरी बूड पितळेचे दिसते, पण त्याला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ते मुलामा दिलेले पोलाद आहे. पितळ बाराच्या दाबाने फुगून पुन्हा आखडते. पोलाद तितकेसे आखडत नाही, आणि चेंबर किंचित गंजलेले किंवा प्लॅस्टिकच्या थराने मळलेले असेल तर पुंगळी तेथे घट्ट धरली जाते. ती ओढून काढण्यातच बोल्टचा जोर खर्च होतो. म्हणून चेंबरसाठी वेगळा, नळीच्या ब्रशपेक्षा जाडसर असा ब्राँझचा ब्रश घ्या. नळीचा ब्रश चेंबरमध्ये नुसता सैल फिरतो आणि नळी आरशासारखी दिसत असतानाही चेंबर मळकेच राहते.

शेवटी, नळीवर कोरलेले माप वाचा. पावणेतीन इंचांच्या काडतुसांची साधी नळी आणि तीन इंचांच्या काडतुसांची मॅग्नम नळी दिसायला सारख्या असतात, पण मॅग्नम नळीतून गॅस कमी उतरतो, कारण ती भारी काडतुसांसाठी बेतलेली असते. जुन्या बंदुकीला कोणी नंतर मॅग्नम नळी बसवली असेल, तर एक औंसाची काडतुसे तिच्यात कधीच भरवशाने चालणार नाहीत आणि त्यात बिघाड असा काही नसतो. रिसीव्हरवरील क्रमांकाच्या शेवटी व्ही अक्षर असेल तर १२ बोअरची साधी बंदूक, एम असेल तर मॅग्नम, अशी या मॉडेलची खूण आहे. याच्या उलट चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. काडतुसाची लांबी पुंगळी उघडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे तीन इंचांचे न उडवलेले काडतूस पावणेतीन इंचांच्या चेंबरमध्ये सहज बसते. बार होताना मात्र त्याचे तोंड पूर्ण उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो.

एवढे सगळे करूनही एक काडतुसाची कसोटी पार पडली नाही, तरच एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग यांच्याकडे वळा. त्याच्या नखाखाली साचलेली काजळी काडीने काढून, बोल्टच्या तोंडाशी डमी काडतूस अडकवून पाहावे. ते हलक्या झटक्याने खाली पडले, तर मात्र आपल्या पहिल्या मित्राचा सल्ला बरोबर ठरेल.

प्रश्न : पेन्सिल्व्हेनियात एका वृद्ध शेजाऱ्यांकडून मी कायदेशीररीत्या बेल्जियममध्ये बनलेली जुनी ब्राउनिंग ऑटो-५ घेतली. तबकड्यांसाठीची हलकी काडतुसे घातली की ती पुंगळी चेंबरमधून अर्धवट काढते आणि थांबते. भारी काडतुसे घातली की उत्तम चालते. गॅसची छिद्रे शोधली, पण सापडली नाहीत.

उत्तर : ती सापडणार नाहीत, कारण या बंदुकीत गॅसचा वापरच नाही. जॉन ब्राउनिंग यांनी १९०० साली एकस्व (पेटंट) मिळवलेल्या या रचनेत बार होताच नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेतच पूर्ण मागे येतात. मग बोल्ट मागे थांबतो, नळी एकटी पुढे जाते आणि पुंगळी बोल्टच्या आकड्यात उघडी पडून फेकली जाते. नळी पूर्ण मागे आलीच नाही, तर आपण वर्णन केले तेच घडते.

नळीच्या या प्रवासाला लगाम घालण्यासाठी मॅगझिनच्या नळीवर, मोठ्या स्प्रिंगच्या पुढे, एक ब्राँझचा घर्षण-तुकडा आणि एक पोलादी कडी असते. भारी काडतुसांसाठी ही कडी स्प्रिंग आणि ब्राँझचा तुकडा यांच्यामध्ये, उतरती बाजू ब्राँझकडे करून ठेवतात. तेव्हा ती ब्राँझला आवळते आणि लगाम घट्ट होतो. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरच्या बाजूला ठेवतात. आपली बंदूक बहुधा भारी मांडणीत आहे. पुढचे लाकूड काढून पाहा आणि पुस्तिकेतील आकृतीप्रमाणे कडी हलवा. नंतर भारी काडतुसे वापरायची झाली, तर ती आठवणीने जागेवर परत आणा. हलक्या मांडणीत भारी बार करत राहिल्यास नळी दणका देत मागे येते आणि पुढच्या लाकडाला भेगा पडतात. जुन्या ऑटो-५च्या लाकडावर दिसणाऱ्या भेगांमागे हे कारण पुष्कळदा असते. मॅगझिनची नळी पूर्ण कोरडी व गंजकी असेल तरीही लगाम जास्त बसतो, आणि तेलाने निथळत असेल तर तो बसतच नाही. तेलाच्या फडक्याने पुसून घेतली की पुरे.

बंदूक १६ बोअरची असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा, कारण पत्रात बोअर लिहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या १६ बोअरच्या कित्येक ऑटो-५ बंदुकांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे आहे. आजची ७० मिलिमीटरची काडतुसे त्यांत वापरू नयेत. उघडलेली लांब पुंगळी खिडकीतून बाहेर पडायलाच जागा पुरत नाही, आणि दाबाचा धोका वेगळाच. बेल्जियमच्या जुन्या नळ्यांतून पोलादी छर्ऱ्यांची काडतुसेही उडवू नयेत, कारण त्या छर्ऱ्यांचा कठीणपणा धरून त्या नळ्या बनवलेल्या नाहीत.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. वडिलांच्या काळापासून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर १२ बोअरची दुनळी आहे. पावसाळ्यात उडवलेली पुंगळी नळीतून निघत नाही, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटावी लागते. नव्या अर्धस्वयंचलित बंदुकीत हा त्रास नसतो, असे ऐकले. ती घ्यावी का?

उत्तर : त्रास तिच्यातही असतो, हे वरच्या दोन पत्रांवरून दिसेलच. शिवाय २०१६च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित बंदुका प्रतिबंधित वर्गात मोडतात. आपल्या साध्या परवान्यावर ती घेता येणार नाही.

दुनळीत पुंगळी आपोआप फेकली जाईलच असे नाही. पुष्कळ दुनळ्यांत फक्त एक्स्ट्रॅक्टर असतो. बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की तो पुंगळी थोडी वर उचलून देतो आणि पुढे ती बोटांनी काढायची असते. इजेक्टर असलेल्या दुनळीतच ती स्प्रिंगने बाहेर उडते. आपली दुनळी पहिल्या प्रकारची असेल, तर ती बिघडलेली नाही. पुंगळी बोटांनी निघत नसेल, तर कोकणातील पावसाळ्यात पहिला संशय चेंबरमधील गंजाचा आणि दुसरा दमट काडतुसांचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असोत वा इतर कोणाची, काडतुसे उघड्या कपाटात ठेवली तर त्यांचे बूड काळवंडते, आणि कागदी पुंगळी असेल तर ती फुगते. डब्यातून काढलेले काडतूस रिकाम्या बंदुकीच्या चेंबरमध्ये सहज सरकून बसत नसेल, तर ते बाजूला ठेवा. जोर करून बसवलेले काडतूस जोर करूनही निघत नाही. काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत.

स्क्रू-ड्रायव्हर मात्र आजच बंद करा. त्याच्या टोकाने चेंबरच्या काठावर एक खाच पडली, की पुढची प्रत्येक पुंगळी त्या खाचेत रुतते. अडलेली पुंगळी पुढून, नळीच्या तोंडातून लाकडी गज घालून हलक्या ठोक्याने मागे ढकलावी. पण तो गज घालण्याआधी ती पुंगळी उडवलेलीच आहे, न उडालेले काडतूस नाही, हे बुडावरील पिनेची खूण पाहून ठरवा. खूण असूनही बार झालेला नसेल, तर त्याला गज लावू नका. ती बंदूक थेट परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. चेंबरचा गंज घासून घेणे आणि एक्स्ट्रॅक्टर बदलणे हेही त्याच्याकडूनच करून घ्यावे लागेल, कारण १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुका दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. गावातील लोहार कितीही कसबी असला, तरी हे काम त्याच्याकडे देऊ नका. बंदूक नेताना मूळ परवाना सोबत ठेवा आणि दुकानदाराकडून बंदुकीच्या क्रमांकासह पोच घ्या.